‘दी’च्या अलीकडे, पलीकडे

झाशरी क्लुतिए सुतार होता. त्याला लिहिता येत नसे, म्हणून सहीच्या जागी तो कुऱ्हाडीचं चित्र काढायचा. 1634 साली तो फ्रान्सच्या पर्श भागातून क्वीबेकला आला आणि दोनच वर्षांत त्याने आपल्या दहा वर्षांच्या मुलीचा, आनचा, विवाहकरार करून टाकला. कॅनडात टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या विवाहकरारांत तो मोडतो.

‘कॅनडातल्या फ्रेंच वंशावळी’ हा विषय संपादकांनी दिला, तेव्हा शाळेतला इतिहास आधी उरकला. 1608 मध्ये शांप्लेनने क्वीबेक वसवलं, 1663 ते 1673 या काळात राजाच्या खर्चाने आठशेच्या आसपास मुली लग्नासाठी आल्या, सिप्रियें तांगे नावाच्या पाद्र्याने 1871 ते 1890 या काळात वंशावळींचे सात खंड छापले. मी अडकले ती मात्र लग्नाच्या एका साध्या नोंदीत.

चर्चच्या वहीतली ही नोंद जेमतेम दहा-बारा ओळींची. नवरा, त्याचा बाप, त्याची आई. नवरी, तिचा बाप, तिची आई. दोन्ही आयांची आडनावं माहेरची. बाई ज्या आडनावाने जन्मते त्याच आडनावाने लग्न करते, मुलांच्या नोंदीत उतरते आणि पुरली जाते. आपल्या कुलवृत्तांतांत घरात आलेली सून नव्या नावाने उगवते आणि तिचं माहेर, लिहिलंच तर, एका ओळीत संपतं. ते वाचायची सवय असलेल्या मला या पानांचा हेवा वाटला. एका लग्नावरून मागच्या पिढीचं लग्न सापडतं, त्यावरून त्यामागचं. 1679 पासून वही दुहेरी ठेवत. एक प्रत चर्चकडे, दुसरी सरकारकडे. 1981 च्या कायद्याने तर लग्नानंतरही जन्माचंच नाव चालवणं क्वीबेकच्या बायकांना बंधनकारक झालं.

घसरतं ते पुरुषाचं आडनाव. त्याला कारण एक एवढासा शब्द, ‘दी’. आपल्या सातबाऱ्यावरचा ‘उर्फ’ म्हणा ना. फ्रेंच फौजेत शिपायाला टोपणनाव मिळे: लाफ्लर म्हणजे फूल, सांसूसी म्हणजे बिनघोर, जोलीकर म्हणजे छान काळजाचा. 1665 मध्ये कारिन्यां-सालिएर पलटणीतून आलेले काही शे शिपाई इथेच जमीन कसायला राहिले आणि ही नावं त्यांच्या घरांना चिकटली. माणूस शिपाई असो वा नसो, ‘दी’ लागे. ज्याक मिव्हिल ‘दी’ देशेन, पिएर ह्युदों ‘दी’ बोलिए. पुढे कुणी ‘दी’च्या अलीकडचं नाव ठेवलं, कुणी पलीकडचं. त्यामुळे आज एक बोलिए आणि एक ह्युदों एकाच खापरपणजोबाचे असू शकतात, आणि दोन लाफ्लरांचं एकमेकांशी काही नातं नसू शकतं!

आगीने आणखी घोळ घातला. 1640 मध्ये क्वीबेकच्या चर्चबरोबर वह्याही जळाल्या, मग लोकांच्या आठवणींवरून त्या पुन्हा लिहिल्या. शिवाय जवळजवळ प्रत्येक मुलाच्या बाप्तिस्म्याच्या नावात जोसेफ आणि मुलीच्या नावात मारी, त्यामुळे नुसतं ‘जोसेफ’ शोधायला जाणारा बुडालाच.

खरी पंचाईत सीमेपलीकडे होते. 1840 ते 1930 या काळात सुमारे नऊ लाख लोक अमेरिकेत गेले, पुष्कळसे न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांत. तिथे ब्वाव्हेरचा ग्रीनवुड झाला, रुआचा किंग, लब्लांचा व्हाइट. कधी मुकादमाने ऐकलं तसं लिहिलं, कधी घरच्यांनीच भाषांतर केलं. ग्रीनवुड नावाच्या माणसाने इंग्लंडमध्ये पूर्वज शोधत वर्षं घालवावीत आणि ते निघावेत सेंट लॉरेन्स नदीकाठी, हे यातून होतं.

लेखक जॅक केरुआक 1922 मध्ये अशाच एका गिरणीगावात, लोवेलमध्ये जन्मला. आपलं घराणं फ्रान्सच्या ब्रिटनी भागातलं खानदानी, असं तो मानायचा. क्वीबेकमधला त्याचा मूळपुरुष वेगवेगळ्या कागदांत वेगवेगळ्या नावांनी भेटतो आणि फ्रान्समध्ये त्या नावांचा माणूस काही केल्या सापडेना. अखेर निघाला तो युर्बें-फ्रांस्वा ल बियां, एका नोटरीचा मुलगा. नाव मागे टाकून आलेला. 1732 मध्ये काप-सेंत-इन्यासला त्याने लग्न केलं तेही खऱ्या नावाने नाही. बायको लुईझ बर्निए. तिचं नाव शोधायला कुणाला समुद्र ओलांडावा लागला नाही.