रोजची वीस मिनिटं

आजचा विषय मी आयोजकांना फोनवर सांगितला, तेव्हा पलीकडे क्षणभर कुणी बोललंच नाही. मग हळूच प्रश्न आला, "सर, घर आवरणं? पण तुम्ही तर तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक ना?" मी म्हटलं, हो, आणि या विषयात मी सत्तरी ओलांडल्यावर नापास झालो, म्हणूनच बोलायचंय.

आधी नापास कसा झालो ते सांगतो. निवृत्तीनंतर आम्ही दोघं कर्जतला राहायला आलो. काही वर्षांपूर्वी ऐन श्रावणात पत्नीच्या मनगटाचं हाड मोडलं आणि सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये राहिला. घर माझ्याकडे आलं. मी विचार केला, रोज रोज कशाला, रविवारी एकदम करू. पहिल्या रविवारी चार तास राबलो. घर चकचकीत झालं, कंबर धरली. बुधवारी ओट्यावर चिलटं, गुरुवारी कपड्यांना कुबट वास. आणि तिसऱ्या आठवड्यात पुस्तकांचं कपाट उघडलं, तर माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधाच्या पाठीवर हिरवट-करडी बुरशी. प्रबंधाचा विषय होता योगदर्शनातली 'अभ्यास' ही संकल्पना, म्हणजे एखादी गोष्ट सातत्याने करत राहणं! पत्नीने ते पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "बघा, वाचायला कुणीतरी आलं."

तर प्रश्न असा, की चार तास मेहनत करूनही घर का बिघडलं? मेहनत कमी नव्हती. आठवड्याचे चार तास म्हणजे रोजची चौतीस मिनिटं होतात. आज मी रोज वीस मिनिटंच देतो आणि घर बरं राहतं. मग फरक कुठे आहे?

उत्तर असं आहे, की प्रत्येक घाणीचं आपलं एक घड्याळ असतं. ते आपल्या रविवारसाठी थांबत नाही.

ओल्या कचऱ्याचं घड्याळ एका दिवसाचं. माशीने त्यात घातलेली अंडी साधारण दिवसाभरात फुटतात. म्हणून सालं, उष्टं, चहाचा चोथा रात्री घरात ठेवायचा नाही. ओलीचं घड्याळ एक-दोन दिवसांचं. भिजलेली वस्तू चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत सुकली, तर बुरशी सहसा धरत नाही. त्यापुढे गेलं की धरते. आपल्या कर्जत-खालापूर भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पापड सादळतात, काडेपेटी पेटत नाही, चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी लव येते, हे तुम्हाला मी सांगायला नको. इथे रविवारची वाट पाहणं म्हणजे बुरशीला पाच दिवसांची सवलत देणं.

डासाचं घड्याळ आठवड्याचं. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणूनच आरोग्य खातं आठवड्यातून एकदा 'कोरडा दिवस' पाळायला सांगतं. पिंप, बादल्या, कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे रिकामे करायचे. आणि एक लक्षात ठेवा, नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडीही कित्येक महिने तग धरतात. कडा घासाव्या लागतात.

जळमटं, कपाटातली कसर, माळ्यावरची अडगळ यांचं घड्याळ महिन्यांचं. म्हणजे सगळं रोज करायची गरजच नाही! रोज तेवढंच करायचं ज्याचं घड्याळ एका दिवसाचं आहे. घर आवरण्याचं निम्मं ओझं कमी होतं ते इथे. आपण 'सगळं घर' म्हणून घाबरतो आणि मग काहीच करत नाही.

आता प्रत्यक्ष वीस मिनिटं कशी जातात ते सांगतो. दहा रात्री, दहा सकाळी. रात्री जेवणं झाली की भांडी घासायला लागायच्या आधी ओला कचरा बाहेर जातो. भांड्यांचा वेळ मी वेगळा धरतो, तो घरातल्या माणसांवर अवलंबून आहे. नंतर ओटा आणि सिंक साबणाच्या फडक्याने पुसून कोरडं करायचं. ते फडकं पिळून, पसरून वाळत घालायचं. चुरगळून ठेवलेलं ओलं फडकं हीच पहिली घाण. मग घरभर एक फेरी. हातात एक टोपली घ्यायची आणि जागेवर नसलेली प्रत्येक वस्तू जागेवर न्यायची. चष्मा, वर्तमानपत्र, चार्जर, पेला. सकाळी पाऊस नसेल तर समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या, अंथरुणं झटकायची, आणि ज्या दोन खोल्यांत वावर जास्त असतो तिथला केर काढायचा. न्हाणीघरातून शेवटी येणाऱ्याने फरशीवरचं पाणी ओढून काढायचं. झालं.

पावसाळ्यात यात दोन भर. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवा, मागून हवा खेळली पाहिजे. आणि बुरशी दिसली तर कोरडी झाडू नका, तिचे बीजाणू घरभर उडतात. साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा, मग सुकवा. ब्लीच वापरत असाल तर ते संडास धुण्याच्या अॅसिडमध्ये चुकूनही मिसळू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

अंगणाचंही सांगतो, कारण आपण डोंगराच्या पायथ्याशी राहतो. लाकडाचा ढीग, विटा, जुनी कौलं दाराला लागून रचली की तिथे उंदीर येतात, उंदरांमागे साप, आणि फटीत विंचू. आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर केलेलं काम 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकातून जगभर पोहोचलं. ते त्यांना करावं लागलं, कारण इथे माणसं विंचवाने मरत होती. ढीग दारापासून लांब ठेवणं आणि चप्पल झटकून पायात घालणं, हेही आवरण्यातच येतं.

हे मी काही नवं सांगत नाही. इकडच्या जुन्या कौलारू घरांत हीच घड्याळं पाळली जायची, फक्त त्यांना नाव नव्हतं. सकाळी सडा आणि केर. ठरावीक दिवसांनी शेणाने सारवण. दिवेलागणीच्या आत दुसरा केर. 'दिवा लागल्यावर केर काढला तर लक्ष्मी जाते' असं आजी म्हणायची. त्यातला व्यवहार साधा आहे. मिणमिणत्या उजेडात नथीतला मोती केराबरोबर कधी गेला ते कळणार नाही. गणपतीच्या आधी जळमटं, दिवाळीच्या आधी माळा. हे लांब घड्याळाचे ठोके. आणि लक्ष्मीपूजनाला केरसुणीची पूजा. आपण फरशी आणली, सारवण गेलं. ते जाणं योग्यच होतं. पण त्याबरोबर वेळापत्रकही गेलं.

आता माझ्या विषयाकडे येतो. एवढं सोपं असेल तर माणूस ते करत का नाही?

हाना आरेन्ट नावाची एक मोठी विचारवंत होऊन गेली. १९५८ साली तिचं 'द ह्यूमन कंडिशन' हे पुस्तक आलं. तिने माणसाच्या खटाटोपात एक फरक केला. सुतार टेबल करतो, ते मागे उरतं. पण स्वयंपाक, धुणं, झाडणं यातून काही उरत नाही, उद्या पुन्हा तेच. या कामाचा त्रास कशात आहे? त्यात धोका नसतो, पण ते संपत नाही, हाच त्याचा जाच. मला माझी चूक इथे सापडली. मी रविवारी घर 'पूर्ण' करायला निघालो होतो, जसा प्रबंध पूर्ण करतात. झाडणं हे श्वासासारखं आहे. आज भरपूर श्वास घेऊन ठेवतो, म्हणजे आठवडाभर नको, असं कुणी म्हणत नाही.

मग न संपणारं काम टिकवायचं कसं? पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्याच पादात अभ्यासाला तीन अटी घातल्या आहेत. तो दीर्घकाळ हवा, त्यात खंड नको, आणि तो आदराने केलेला हवा. पहिल्या दोन अटी सगळ्यांना कळतात, तिसरी निसटते. ज्या कामाला आपण मनातून हलकं मानतो, ते आपल्याकडून टिकत नाही. याच पतंजलींनी पाच नियम सांगताना पहिलं नाव शौचाचं घेतलं आहे, म्हणजे स्वच्छतेचं.

याला आजच्या मानसशास्त्राची जोड देतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर सवयीचा अभ्यास केला. नवी गोष्ट अंगवळणी पडायला मध्यमान ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाच्या बाबतीत हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. म्हणजे 'एकवीस दिवसांत सवय' हे काही खरं नाही. दुसरी गोष्ट दिलासा देणारी आहे. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. आणि त्यांनी लोकांना नवं काम एखाद्या ठरलेल्या खुणेशी बांधायला सांगितलं होतं. म्हणून 'वेळ मिळेल तेव्हा' असं म्हणू नका. 'जेवणाचं ताट उचललं की' असं म्हणा. इथे बसलेल्यांत पहाटेची लोकल पकडणारे कितीतरी असतील. कर्जत ते सीएसएमटी शंभर किलोमीटर, दोन तासांच्या आसपास जायला आणि तेवढेच यायला. त्यांना 'वेळ' कधीच मिळणार नाही. ताट मात्र रोज उचललं जातं.

आणि आता जे सांगायला मला सगळ्यात अवघड जातं, ते. ते ताट कोण उचलतं?

२०१९ साली राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभर पाहणी केली, लोक आपला दिवस कसा घालवतात याची. सहा वर्षांवरच्या शंभर स्त्रियांपैकी ८१ जणी घरचं बिनमोबदल्याचं काम करत होत्या. शंभर पुरुषांपैकी २६. करणाऱ्या स्त्रियांचा वेळ सरासरी २९९ मिनिटं, म्हणजे जवळजवळ पाच तास. करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. मी त्या उरलेल्या ७४ पुरुषांत होतो. चाळीसएक वर्षं माझं घर स्वच्छ होतं आणि मी समजत होतो की घर असंच असतं. अभ्यासावर प्रबंध मी लिहिला. अभ्यास मात्र रोज पहाटे पत्नी करत होती, केरसुणी हातात घेऊन. तिचा हात मोडला नसता, तर मला ते कळलं असतं का? मला खात्री नाही.

गाडगेबाबांची आठवण अशा वेळी होते. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावी जन्मलेला हा माणूस. गावात आला की आधी खराटा हातात घ्यायचा, गाव झाडायचा, आणि रात्री कीर्तन करायचा. क्रम बघा. आधी झाडणं, मग बोलणं. आपण उलटं करतो. २००० साली राज्याने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. गावं खरोखर झाडली गेली. पण गावाचं पारितोषिक असतं, घराचं नसतं. म्हणून घरात ते कुणाच्या तरी एकाच्याच गळ्यात पडतं.

वीस मिनिटांचा खरा फायदा इथे आहे. पाच तासांचं काम वाटून घ्यायला घरात कुणी तयार होत नाही. दहा मिनिटांचं काम नातूसुद्धा नाकारू शकत नाही. आमच्याकडे आता रात्रीची दहा मिनिटं माझी. पत्नीचा हात केव्हाच बरा झाला, तरी ती माझीच. पहिले काही दिवस ती मागून येऊन पुन्हा ओटा पुसायची. मग तिने ते सोडलं. आता माझा ओटा तिच्याइतका नीट नसतो, आणि ते तिने चालवून घेतलंय. घरातल्या बायकांना माझी एवढीच विनंती आहे. आम्ही वाईट झाडू, पण झाडू द्या.

प्रबंध मी पुसला, उन्हात वाळवला आणि परत कपाटात ठेवला. डाग राहिलाय. असू दे.

प्रश्नोत्तरांना आपल्याकडे दहा मिनिटं आहेत. त्यानंतर चहा. पेले मी विसळणार आहे, पुसायला दोन जण लागतील. पुरुषांनी हात वर करावेत.