भिंतीची उंची कोणी ठरवायची?

तुळजापूरच्या भवानी मंदिरात चिंतामणी नावाचा गोल दगड आहे. भाविक मनात प्रश्न धरून त्यावर दोन्ही हात टेकवतात. दगड उजवीकडे वळला तर काम होणार, डावीकडे वळला तर नाही, जागीच राहिला तर विलंब लागणार, अशी श्रद्धा आहे. काम किती अवघड आहे, हे तिथे माणसाने ठरवायचे नसते. भूमिका वठवण्याच्या खेळांत मात्र ते टेबलाशी बसलेल्या एका माणसाला, म्हणजे गेममास्टरला, ठरवावे लागते. फासा पडण्याआधीच त्याला आकडा सांगायचा असतो, आणि माझ्या मते या खेळांचा सगळा प्रामाणिकपणा त्या आकड्यात असतो.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली आला. त्याच्या प्रगत आवृत्तीच्या १९७८ च्या नियमपुस्तकात पहिल्या पातळीच्या चोराला भिंत चढण्याची शक्यता ८५ टक्के दिली होती, कुलूप उघडण्याची २५ टक्के. आकडा चढणाऱ्याचा होता, भिंतीचा नव्हता. गावातल्या पडक्या वाड्याची भिंत असो की नळदुर्गाचा तट, मूळ आकडा ८५ च. कमी-जास्त काय करायचे ते खेळ चालवणाऱ्याने बघायचे.

२००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने हे उलटे केले. वीस पैलूंचा फासा टाकायचा, त्यात आपल्या कौशल्याचे गुण मिळवायचे आणि कामाच्या काठिण्याचा आकडा गाठायचा. आता भिंतीला स्वतःची उंची मिळाली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत ही शिडी फार सुटसुटीत आहे: अगदी सोप्याला ५, सोप्याला १०, मध्यमला १५, अवघडला २०, फार अवघडला २५ आणि जवळजवळ अशक्यला ३०. नवख्याला, म्हणजे ज्याच्याकडे एकही जादा गुण नाही त्याला, १५ गाठण्याची संधी ३० टक्के. पाच गुण असलेल्याला ५५ टक्के. ‘मध्यम’ हा शब्द ऐकून गेममास्टर बिनधास्त १५ सांगतो, आणि नवखा दहातल्या सात वेळा आपटतो. हे ध्यानात न घेतल्याने कितीतरी खेळ विनाकारण रखडतात.

नळदुर्गातच हे करून बघावे. बोरी नदीवर बांधलेल्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात पाणी वरून वाहू लागले की नर-मादी धबधबे कोसळतात. उन्हाळ्यात त्या दगडांवरून उतरायला मी १० लावीन, भर पावसात २०. बदलला तो ऋतू, उतरणारा नव्हे. उतरणारा कसलेला आहे म्हणून आकडा चढवणे मला पटत नाही. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने पातळीनुसार वाढत जाणाऱ्या काठिण्याचा तक्ता दिला. आव्हान कायम राहावे हा हेतू चांगला होता, पण तो तक्ता डोळे मिटून वापरला की नायकाबरोबर दगडही उंच होतात, आणि वर्षभर खेळून मिळवलेल्या कौशल्याचे काहीच उरत नाही.

दुसरी चूक याहून वाईट. १६७३ साली कोंडाजी फर्जंदाने अवघ्या साठ माणसांनिशी रात्री पन्हाळा सर केला. हा प्रसंग टेबलावर आणला आणि प्रत्येकाला चढाईचा फासा टाकायला लावला तर काय होईल? प्रत्येकी ८५ टक्के धरले तरी साठही जण न घसरता वर पोहोचण्याची शक्यता सुमारे सतरा हजारांत एक! एकट्यालाच कडा पाच टप्प्यांत चढायला लावले तरी ८५ चे ४४ होतात. किती फासे मागायचे हासुद्धा काठिण्याचाच भाग आहे, आणि तो कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. पाचव्या आवृत्तीने यावर उपाय दिला: गटातले निदान निम्मे यशस्वी झाले तर सगळा गट यशस्वी.

व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांच्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ने २०१० मध्ये काठिण्याचा आकडाच काढून टाकला. दोन साधे फासे. १० किंवा जास्त आले तर काम फत्ते, ७ ते ९ आले तर काम होते पण किंमत मोजून, ६ किंवा कमी आले तर संकट. जादा गुण नसतील तर मधला निकाल ३६ पैकी १५ वेळा येतो, आणि गोष्ट बहुतेक तिथेच रंगते. मला ही रीत आवडते, पण तटाची उंची तिच्यात धूसर होते, आणि किल्ल्यांच्या मुलखातल्या खेळाला ती उंची हवीच.

काही कामांना तर फासाच नको. मुलुखमैदान तोफ १६३२ साली परांड्याहून विजापूरला नेली गेली. वजन सुमारे पंचावन्न टन. इथे ३० आकडा लावून ‘टाक फासा’ म्हणणे म्हणजे गोष्ट वाया घालवणे. किती बैल, कुठला रस्ता, वैरण कोण देणार, पाठलागावर कोण, हे खेळाडूंनी ठरवावे. फासा काढायचाच तर वाटेत भीमा ओलांडताना.