स्वस्त पिस्तुलाची खरी किंमत

अमेरिकेत पोलिसांनी वापरून सोडलेले पिस्तूल सामान्य नागरिकाला दुकानातून विकत घेता येते, तेही स्वस्तात. ज्या ग्लॉक पिस्तुलाला नवे घेताना ५०० डॉलरच्या पुढे मोजावे लागतात, तेच पोलीस खात्याचे जुने अनेकदा ३००-३५० डॉलरला मिळत आले आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्यावाचून काडतूसही जवळ बाळगता येत नाही. तरीही हा बाजार समजून घ्यावा असे आम्हास वाटते, कारण तेथे माल पुरवणारी खुद्द राज्यसंस्था आहे.

हा माल येतो कोठून? ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत दोन दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन अधिकारी ठार झाले. हातातील शस्त्रे अपुरी पडली, असा निष्कर्ष निघाला. १९९० मध्ये पॉइंट फोर्टीची नवी गोळी आली आणि असंख्य पोलीस खात्यांनी ती स्वीकारली. पुढे २०१५ च्या सुमारास एफबीआय पुन्हा नऊ मिलिमीटरकडे वळली, तशी खातीही वळली. प्रत्येक बदलात जुनी शस्त्रे कंपनीला किंवा व्यापाऱ्याला परत गेली आणि नव्यांच्या किमतीतून तेवढी रक्कम वजा झाली. जुना टीव्ही द्या, नवा घ्या, असाच हा व्यवहार! खात्याचा पैसा वाचला, कंपनीचा माल खपला.

गिऱ्हाइकाचा हिशेबही खोटा नाही. पोलीस पिस्तूल रोज कमरेला लावतो, पण झाडतो क्वचित, बहुधा सरावापुरतेच. त्यामुळे वरचा रंग घासून गेलेला असला तरी नळी आतून शाबूत असते. रात्री चमकणाऱ्या ट्रिटियमच्या निशाणीचे तेज मात्र सुमारे बारा वर्षांत निम्म्यावर येते. जाणता माणूस नळी आणि स्प्रिंगा तपासून सौदा करतो. कमी पगाराच्या माणसाला स्वसंरक्षण परवडते, हा युक्तिवादही आम्ही उडवून लावत नाही.

पण या सौद्याचे बिल दुसऱ्याच कोणाच्या नावावर फाटते. १० ऑगस्ट १९९९ रोजी बफर्ड फरो या गोऱ्या वर्णवर्चस्ववाद्याने लॉस एंजेलिसमधील ज्यू केंद्रात गोळीबार करून पाच जणांना जखमी केले. त्यांत तीन लहान मुले होती. त्यानंतर त्याने फिलिपिनो वंशाचे टपाल कर्मचारी जोसेफ इलेटो यांना ठार मारले. का? ते गोरे नव्हते आणि सरकारी गणवेशात होते म्हणून. ते ग्लॉक पिस्तूल पूर्वी वॉशिंग्टन राज्यातील कॉस्मोपोलिस या गावच्या पोलिसांचे होते. फरो शिक्षा झालेला गुन्हेगार. कायद्याने त्याला शस्त्र बाळगण्यास बंदी. परवानाधारक दुकानदाराला गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासावी लागते. खासगी माणसाने खासगी माणसाला विकताना मात्र संघीय कायदा ती तपासणी सरसकट सक्तीची करीत नाही. काही राज्यांनी ती केली आहे. पोलिसांचे शस्त्र हातोहात फिरत वर्णद्वेष्ट्याच्या हाती पोहोचले ते अशा व्यवस्थेत.

इलेटो कुटुंबाने न्यायालयात दाद मागितली. २००३ मध्ये अपील न्यायालयाने ग्लॉकविरुद्धचा दावा चालू ठेवला. पण २००५ मध्ये काँग्रेसने शस्त्र उत्पादकांना संरक्षण देणारा कायदा केला आणि २००९ मध्ये त्याच न्यायालयाने त्याच कायद्याच्या आधारे ग्लॉकविरुद्धचा दावा फेटाळणे कायम केले. दावा चालू असताना कायदाच बदलला, तर फिर्यादीने जावे कोठे?

न्यू ऑर्लिन्स शहराचा दुटप्पीपणा तर पाहा. १९९८ मध्ये बंदूक कंपन्यांवर खटला भरणाऱ्या याच शहराने जप्त केलेली हत्यारे देऊन स्वतःच्या पोलिसांसाठी नवी पिस्तुले घेतली होती!

हा अपवाद म्हणावा तर २०२४ मधील पत्रकारांच्या शोधाने वेगळेच दाखवले. २००६ पासून पोलिसांच्या ५२ हजारांहून अधिक बंदुका गुन्ह्यांच्या तपासात सापडल्या होत्या. त्यांत चोरीला गेलेल्याही होत्या, विकलेल्याही. चोरी रोखणे अवघड असेल. विक्री थांबवणे हा तर एका ठरावाचा प्रश्न आहे. जुनी शस्त्रे वितळवली तर अंदाजपत्रकात थोडे नुकसान दिसेल. ते नुकसान करदात्यांनी सोसावे की इलेटोंसारख्यांच्या घरच्यांनी, याचे उत्तर प्रत्येक नगरपालिकेने नोंदवहीत लिहून द्यावे.