पहिल्या भागाची पारख

जपानमध्ये दर तीन महिन्यांनी नव्या ॲनिमे मालिकांचा हंगाम लागतो. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. आपल्याकडे खरीप आणि रब्बी, त्यांच्याकडे चार पेरण्या. एकेका हंगामात कित्येक डझन मालिका सुरू होतात, बहुतेकींचे बारा-तेरा भाग होतात, की लगेच पुढची रांग तयार. या गर्दीत काय बघायचं ते ठरवण्यासाठी शौकीन मंडळींनी एक नियम केला आहे: तीन भाग बघा, मग धरा नाहीतर सोडा. माझ्या मते एक भाग पुरतो. त्यात एकच गोष्ट शोधायची. कथेचं जग कितीही अचाट असो, हाताला लागेल अशी एखादी साधी, खरी वस्तू किंवा कृती त्यात आहे का? असेल तर बाकीच्या अचाटपणावर विश्वास बसतो.

यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या गावी बसून ॲनिमेवर लिहायचं म्हटलं की मोठी माणसं गालात हसतात. ‘कार्टून’ म्हणालो तर घरातला पुतण्या लगेच टोकतो, “हे कार्टून नोहे काका, ॲनिमे हाय.” पण हसणाऱ्यांपैकी चाळिशीतले बहुतेक जण नकळत ॲनिमेवरच वाढले आहेत. १९९३ साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागणारं ‘जंगल बुक’ जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनने १९८९ मध्ये बनवलेलं होतं. हिंदीत येताना त्याला गुलजारांचे शब्द आणि विशाल भारद्वाजांचं संगीत मिळालं, शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज मिळाला. किपलिंगची कथा घडते ती सिवनीच्या डोंगरात, म्हणजे आपल्या नागपूरच्या वरच्या अंगाला, पेंचच्या जंगलात. विदर्भाच्या शेजारचा मोगली टोकियोमार्गे विदर्भात आला. टिपेश्वरच्या आसपास ज्यांच्या कपाशीत आजही वाघाची पावलं उमटतात, त्यांना शेरखानची ओळख वेगळी करून द्यावी लागली नसेल.

पुढच्या पिढीला डोरेमॉन, शिनचॅन आणि हतोडी मिळाले. हिंदीतल्या निंजा हतोडीचा आवाज मराठमोळ्या मेघना एरंडेंचा. २०१२ च्या डिसेंबरात कलर्स वाहिनीवर ‘सूरज : द रायझिंग स्टार’ आली. बेसबॉलवरची ‘क्योजिन नो होशी’ ही जपानमधली १९६८ ची गाजलेली मालिका, तिचा हा क्रिकेटचा अवतार. नायक मुंबईच्या झोपडपट्टीतला. मूळ मालिकेत बाप मुलाच्या अंगाला लोखंडी स्प्रिंगांचा सापळा बांधून सराव करून घेतो. भारतीय आवृत्तीत त्या जागी सायकलच्या ट्यूब आल्या. झोपडपट्टीतल्या बापाला परवडेल आणि कुठल्याही पंक्चरवाल्याकडे मिळेल अशी चीज. हाताला लागणारी वस्तू म्हणतो ती हीच.

नंतर चित्र झपाट्याने पालटलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये चाहत्यांनी ऑनलाइन सह्या गोळा केल्यावर दिग्दर्शक माकोतो शिंकाईंचा ‘वेदरिंग विथ यू’ आपल्याकडच्या चित्रपटगृहांत आला. २०२२ मध्ये ॲनिमे दाखवणाऱ्या क्रंचीरोल या ऑनलाइन सेवेने भारतातलं मासिक शुल्क ७९ रुपयांपर्यंत खाली आणलं, हिंदी, तमिळ, तेलुगू डबिंग वाढवलं. १२ सप्टेंबर २०२५ ला ‘डीमन स्लेयर’ मालिकेचा ‘इन्फिनिटी कॅसल’ हा चित्रपट लागला, तेव्हा काही शहरांत पहाटेचे खेळ लावावे लागले. आता दारव्ह्याच्या किंवा वणीच्या पोराला जपानमधली नवी मालिका बघायला वर्षभर थांबावं लागत नाही. थांबायचं की पुढे जायचं, एवढंच ठरवायचं असतं. त्यासाठी ऑक्टोबर २०२४ ते जुलै २०२५ मधल्या पाच मालिकांचे पहिले भाग.

दान्दादान (ऑक्टोबर २०२४, स्टुडिओ सायन्स सारू). शाळकरी मोमोची आजी अंगात आणणारी, त्यामुळे मोमोचा भुतांवर विश्वास, परग्रहवासीयांवर नाही. शाळेतल्या चष्मिस मुलाचं नेमकं उलटं. दोघांची पैज लागते: तिने परग्रहवासी उतरतात म्हणतात त्या ओसाड इस्पितळात जायचं, त्याने भुताच्या बोगद्यात. दोघंही खरे ठरतात आणि दोघंही फसतात. बोगद्यातली ‘टर्बो आजी’ मोटारीच्या वेगाने धावते. जपानी रस्त्यांवरच्या भूतकथांमधलं हे जुनंच पात्र. मुंजा आणि चकवा ऐकत वाढलेल्याला तिची ओळख पटायला वेळ लागत नाही. हा सगळा धिंगाणा उभा राहतो तो मात्र एका फोनवर. दोघं आपापल्या भयाण जागी उभी राहून एकमेकांशी फोनवर बोलत राहतात, आणि त्या बोलण्यातून मैत्री कधी जुळली ते कळत नाही. पहिल्याच भागात मोमोवर बळजबरीचा एक ओंगळ प्रसंग आहे, त्यामुळे लहान मुलांसोबत बघायची ही मालिका नाही. मोठ्यांनी जरूर बघावी.

ऑर्ब : ऑन द मूव्हमेंट्स ऑफ द अर्थ (ऑक्टोबर २०२४, मॅडहाउस, २५ भाग). पंधराव्या शतकातला युरोप. बारा वर्षांचा राफाल हुशार आणि त्याहून धूर्त. मोठ्यांना हवं ते बोलायचं, विद्यापीठात धर्मशास्त्र शिकायचं, सुखात राहायचं, हा त्याचा बेत. मग त्याची गाठ पडते पाखंडाची शिक्षा भोगून सुटलेल्या ह्यूबर्टशी. पृथ्वी मध्यभागी धरली की ग्रहांचे मार्ग किती वेडेवाकडे काढावे लागतात, हे तो राफालच्या लक्षात आणून देतो. हे विश्व तुला सुंदर वाटतं का, असा त्याचा रोख असतो. कोपर्निकसचा ग्रंथ यायला (१५४३) अजून अवकाश आहे, आणि खरं बोलायची किंमत काय असते ते सुरुवातीच्या छळाच्या दृश्यानेच सांगून ठेवलेलं असतं. एका मुलाच्या डोक्यात शंका शिरते, बस, एवढंच घडतं. तेवढ्यावर भाग तोलून धरलेला आहे. आठवी-नववीच्या पुढच्या मुलांना दाखवावी, पण छळाची दृश्यं आधी स्वतः बघून.

अपोकॅलिप्स होटेल (एप्रिल २०२५, सायगेम्स पिक्चर्स, १२ भाग). साथीमुळे माणसं पृथ्वी सोडून गेली आहेत. टोकियोच्या गिंझा भागातलं एक बडं हॉटेल यंत्रमानवांनी शंभर वर्षं झाडून-पुसून चालू ठेवलं आहे. गिऱ्हाईक एकही नाही. व्यवस्थापकाचं काम बघणारी याचियो रोज पाहुण्यांची वाट पाहते. पहिल्या भागातलं मोठं संकट कोणतं, तर एका खोलीतली शॅम्पू-टोपी हरवली आहे. जग बुडालं तरी चालेल, सामानाची यादी चुकता कामा नये! यवतमाळ–मूर्तिजापूर शकुंतला रेल्वेची बंद पडलेली स्टेशनं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या हॉटेलातली शिस्त हसवेल आणि बोचेलही. या पाचांतली माझी सर्वांत आवडती सुरुवात हीच.

द समर हिकारू डाइड (जुलै २०२५, १२ भाग). डोंगरातलं छोटं गाव, रातकिड्यांनाही मागे टाकतील अशा किड्यांची किरकिर, दुकानासमोर बसून आइस्क्रीम खाणारे दोन मित्र. योशिकी सहज विचारावं तसं विचारतो की तू हिकारू नाहीस ना? डोंगरात हरवून परतलेला मित्र खरोखरच दुसरंच काहीतरी असतो. भीती किंचाळण्यातून येत नाही. मित्र गमावण्यापेक्षा त्याची नक्कल जवळ ठेवलेली बरी, हा निर्णय योशिकी तिथल्या तिथे घेतो, त्यातून ती येते. ही मुलं तिथल्या गावाकडच्या बोलीत बोलतात. इंग्रजी उपशीर्षकांत ती चव उतरत नाही. आपली वऱ्हाडी सिनेमात सहसा विनोदापुरतीच येते, इथे बोलीत भयकथा उभी केली आहे, म्हणून शक्य असेल तर मूळ आवाजातच ऐकावी.

ताकोपीज ओरिजिनल सिन (जून २०२५, सहाच भाग). गुलाबी, गोंडस परग्रहवासी ताकोपी शिझुका नावाच्या दुःखी मुलीला आपली जादूची साधनं देतो. डोरेमॉन पाहिलेल्यांना मांडणी ओळखीची वाटेल, मुलीचं नावही. फरक असा की शाळेतला छळ आणि मोडलेलं घर कुठल्याच साधनाने दुरुस्त होत नाही, आणि पहिल्याच भागात ती लहान मुलगी आत्महत्या करते. ताकोपीला ते नेमकं काय झालं हेही समजत नाही. आपल्या जिल्ह्यात हा विषय पडद्यापुरता नाही. कापसाच्या शेतीतल्या कर्जाने ज्या घरांतली माणसं गेली, त्या घरांत ही मालिका कोणी सहज लावू नये. मालिका उत्तम आहे, पण मन घट्ट असताना, आणि शक्यतो कोणी तरी सोबत असताना बघण्याची.

पाचही मालिकांत भुतं, यंत्रं, परग्रहवासी किंवा पाखंडी आहेत. लक्षात राहतात ते चालू ठेवलेला फोन, वेडेवाकडे ग्रहमार्ग, हरवलेली टोपी, दुकानासमोरचं आइस्क्रीम आणि कामास न आलेली जादू. चित्रकारांची खरी मेहनत तिथेच दिसते.

कुठून सुरुवात करावी असं कोणी विचारलं, तर जुनं एक नाव आधी सांगेन: २०१३ मधली ‘सिल्व्हर स्पून’. होक्काइदोच्या दुग्धव्यावसायिक घरात वाढलेल्या हिरोमू अराकावांच्या चित्रकथेवरून ती केली आहे. शहरातला अभ्यासू मुलगा कृषिविद्यालयात येतो आणि डुकराच्या पिलाचा लळा लावून घेतो, त्याचं पुढे काय होणार हे ठाऊक असूनही. ती घरातल्या सगळ्यांनी एकत्र बघावी. मग ‘अपोकॅलिप्स होटेल’, मग ‘ऑर्ब’. ‘दान्दादान’ आणि ‘हिकारू’ मुलं झोपल्यावर. आणि एखाद्या मालिकेच्या पहिल्या भागात नुसताच उजेड आणि आरडाओरडा असेल, तर बिनदिक्कत बंद करा. पुढचा हंगाम तीन महिन्यांवरच आहे.