हेडफोन घेताना आधी बसचा आवाज ओळखा

इंदापूर ते बारामती हे अंतर सुमारे ५० किलोमीटर. निमगाव केतकी, लासुर्णे, बेलवाडी, सणसर, भवानीनगर, काटेवाडी असे थांबे घेत एसटीला दीड तास सहज लागतो. कॉलेजला किंवा एमआयडीसीत कामाला रोज ये-जा करणाऱ्यांचे तीन तास बसमध्येच जातात. आठवड्याचे सहा दिवस धरले तर १८ तास. यातला बराचसा वेळ कानात गाणं चालू असतं, आणि त्यात गैर काही नाही. प्रश्न आहे तो आवाज किती मोठा असतो याचा.

हेडफोन घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘बेस कसा आहे?’ दुसरा प्रश्न किमतीचा. आपल्या कानांच्या दृष्टीनं महत्त्वाचा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. हा हेडफोन लावल्यावर चालत्या बसमध्ये आवाज किती कमी ठेवून गाणं नीट ऐकू येईल? हेडफोन निवडताना या एका प्रश्नाला धरून चाललं, तर गाण्याची गोडीही वाढते, पैसेही वाचतात आणि कानही टिकतात.

कानाचा आठवड्याचा कोटा

ऐकण्याला मर्यादा आवाजाच्या तीव्रतेची असते, तशीच वेळेचीही असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीनं ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकला तर चालतो. लहान मुलांसाठी हीच मर्यादा ७५ डेसिबलला ४० तास अशी आहे.

खरी मेख पुढं आहे. आवाज ३ डेसिबलनं वाढला की त्यातली ऊर्जा दुप्पट होते आणि ऐकण्याचा सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे ८३ डेसिबलला २० तास, ८६ला १० तास, ८९ला ५ तास. १०० डेसिबलला तर आठवड्याला जेमतेम २० मिनिटं. कानाला मात्र ३ डेसिबलची वाढ फारशी जाणवतही नाही.

आता रोज तीन तास प्रवास करणाऱ्या विद्यार्थ्याचा हिशेब मांडू. त्यानं गाणी ८३ डेसिबलला ऐकली तर आठवड्याचे १८ तास मर्यादेत बसतात. ८६ला ऐकली तर आठवड्याचा कोटा गुरुवारी सकाळच्या फेरीतच संपतो. ९२ला ऐकली तर सोमवारी संध्याकाळी घरी पोहोचण्याआधीच संपतो. पुढचे दिवस कान उधारीवर चालतो.

ही उधारी फेडता येत नाही, कारण कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखा जो भाग असतो, त्यात प्रत्येक कानाला साधारण १५ हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लहरींचं मेंदूला समजणाऱ्या संदेशात रूपांतर करण्याचं काम त्या करतात. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मोठ्या आवाजानं बहुधा आधी उंच स्वर टिपणाऱ्या पेशी जातात. त्यामुळं सुरुवातीला ‘ऐकू येत नाही’ असं वाटतच नाही. ‘ऐकू येतं, पण शब्द कळत नाहीत’ असं वाटतं. स, श, फ, थ ही व्यंजनं निसटायला लागतात. जगभरात १२ ते ३५ वयोगटातल्या १०० कोटींहून अधिक लोकांना हा धोका असल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

आवाज वाढवतो कोण?

घरी शांत खोलीत आवाजाची पट्टी निम्म्यावर ठेवली तरी गाणं पुरतं. बसमध्ये बसल्यावर तीच पट्टी पाऊणच्या वर जाते. इंजिनाची घरघर, खिडक्यांचा खडखडाट, वारा आणि शेजाऱ्याच्या मोबाइलवरचे व्हिडिओ, या सगळ्यांवर मात करण्यासाठी आपण गाणं मोठं करतो. म्हणजे गाण्याचा आवाज ठरवते ती बस. बाहेरचा आवाज अडवणारा हेडफोन असेल तर ही चढाओढच होत नाही.

बाहेरचा आवाज अडवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला साधा आणि स्वस्त : कानाच्या भोकात नीट बसणारी रबरी टोपी. बोलणी, खडखडाट असे मधले आणि उंच आवाज ती चांगले रोखते. दुसरा मार्ग इलेक्ट्रॉनिक आहे. हेडफोनमधला छोटा माइक बाहेरचा आवाज टिपतो आणि आतला स्पीकर त्याच्या बरोबर उलटी लहर सोडून तो खोडून काढतो. याला एएनसी म्हणतात. इंजिनाच्या घरघरीसारख्या खालच्या आणि सलग आवाजावर ते उत्तम चालतं. अचानक वाजलेल्या हॉर्नवर किंवा बोलण्यावर कमी चालतं. अमेरिकेतले ध्वनिशास्त्रज्ञ अमर बोस यांनी या कल्पनेवर काम सुरू केलं ते १९७८मध्ये झुरिकहून बॉस्टनला जाणाऱ्या विमानात. विमानाच्या घरघरीत त्यांना हेडफोनवरचं संगीत नीट ऐकू येईना. त्यांचे वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले स्वातंत्र्यसैनिक होते.

कोणता प्रकार कुठं?

कानाच्या तोंडाशी नुसते टेकणारे, टोपी नसलेले इअरबड बाहेरचा आवाज जवळजवळ अडवतच नाहीत. घरात ते ठीक; बसमध्ये आवाज वाढवायला लावतात. रबरी टोपीचे इअरफोन, मग ते वायरचे असोत, गळ्यातले असोत की सुटे, प्रवासासाठी सर्वांत सोयीचे. पूर्ण कान झाकणारे बंद हेडफोन घरी, अभ्यासिकेत किंवा ट्रेनमध्ये छान; पण एप्रिल-मेच्या उन्हात कान घामेजतात. मागून जाळीदार असलेले उघडे हेडफोन संगीत अतिशय मोकळं ऐकवतात, पण बाहेरचं सगळं आत येतं. ते फक्त शांत खोलीसाठी.

टोपी नीट बसली की नाही, हे घरच्या घरी तपासता येतं. ओळखीचं, ढोलकी किंवा तबला असलेलं गाणं लावा आणि इअरफोन बोटानं हलकेच आत दाबा. दाबल्यावर खालचा ठेका एकदम भरीव वाटला तर टोपीचं माप चुकलं आहे, हवा गळते आहे. खोक्यातली दुसरी टोपी लावून पाहा. डाव्या-उजव्या कानाचं माप वेगळं असू शकतं. ‘बेस नाही’ म्हणून नावं ठेवलेल्या अनेक इअरफोनांचा दोष असा टोपीत असतो.

तुमचं गाणं कोणतं?

अभंग, भावगीत, नाट्यगीत, शास्त्रीय गायन ऐकणाऱ्यांसाठी मधले स्वर महत्त्वाचे, कारण माणसाचा गळा तिथं असतो. बेस मुद्दाम फुगवलेल्या इअरफोनवर तबल्याचा डग्गा गायकावर चढतो. आणखी एक गोष्ट : ‘गीतरामायण’ आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून प्रसारित झालं ते १९५५-५६मध्ये. त्या काळातली मराठी ध्वनिमुद्रणं मोनो असत, म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज. महागडा हेडफोन त्यात नसलेली खोली आणू शकत नाही; उलट खरखर ठळक करतो. जुनीच गाणी ऐकणार असाल तर मोठा खर्च करू नका.

टाळ, हलगी, संबळ, ढोलकी आवडणाऱ्यांनी बेसपेक्षा टोकदारपणा पाहावा. याच रस्त्यानं आषाढात तुकोबांची पालखी जाते. काटेवाडीत किंवा बेलवाडीच्या रिंगणात शेकडो टाळ एकदम वाजताना ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना चांगला इअरफोन ओळखणं सोपं आहे. टाळ वेगवेगळे किणकिणतात की नुसता ‘छस्स’ असा एकच आवाज येतो, एवढं पाहावं.

नव्या चित्रपटगीतांची परीक्षा घ्यायला ‘सैराट’ उत्तम. उजनीच्या पाण्यापलीकडच्या करमाळा परिसरात चित्रित झालेल्या या २०१६च्या चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर केलं होतं. ‘याड लागलं’मधली व्हायोलिनं आणि ‘झिंगाट’चा ठेका, दोन्ही ज्याच्यावर नीट ऐकू येतं, तो इअरफोन बाकीच्या बहुतेक गाण्यांना पुरेल.

डीजेचा बेस हवा असणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मिरवणुकीतला बेस कानाइतकाच छातीला जाणवतो, कारण मोठे स्पीकर अख्खी हवा हलवतात. इअरफोनचा चिमुकला पडदा छाती हलवू शकत नाही. ती धडक कानातून मिळवायचा प्रयत्न केला तर फक्त आवाज वाढत जातो.

कीर्तन, प्रवचन, ऑनलाइन तास किंवा स्पर्धा परीक्षेची व्याख्यानं ऐकणाऱ्यांना वायरचा, माइक असलेला साधा इअरफोन पुरतो.

खोक्यावरचे शब्द

‘ईएनसी’ आणि ‘एएनसी’ यांत एका अक्षराचा फरक आहे आणि सर्वांत जास्त गफलत इथंच होते. ईएनसी हे फोनवर बोलताना पलीकडच्या माणसासाठी असतं. तुमच्यामागचा गोंगाट त्याला कमी ऐकू यावा म्हणून. तुमच्या कानात येणारा बसचा आवाज त्यानं कमी होत नाही. तो कमी करायला एएनसी लागतं.

‘२० ते २०,००० हर्ट्झ’ हे बहुतेक सगळ्याच खोक्यांवर छापलेलं असतं. त्यावरून काही ठरवू नये. स्पीकरचा आकार मोठा म्हणजे आवाज चांगला, असंही नाही. वायरच्या हेडफोनवर १६ ते ३२ ओहम असं लिहिलेलं असेल तर तो मोबाइलवर नीट चालतो. बिनवायरीच्या इअरफोनवर बीआयएसचं चिन्ह आणि ‘आर’नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. ‘बीआयएस केअर’ अॅपवर तो तपासता येतो. नामांकित कंपनीच्या नावाचा नकली माल ओळखायला त्याची मदत होते.

किती पैसे घालावेत?

भाव बदलत असतात, पण ढोबळ अंदाज असा. ५००-८०० रुपयांत तीन मापांच्या टोप्या असलेला वायरचा चांगला इअरफोन मिळतो. बसमधल्या रोजच्या ऐकण्यासाठी तो कमी दर्जाचा पर्याय अजिबात नाही. फोनला गोल पिनची जागा नसेल तर टाइप-सी पिनचा घ्यावा आणि दुकानातच आपल्या फोनला लावून पाहावा. १,००० ते २,००० रुपयांत गळ्यातले किंवा सुटे बिनवायरीचे मिळतात. यात बहुधा एएनसी नसतं. कामापुरतं एएनसी साधारण २,००० ते ५,००० रुपयांत मिळतं. घरी बसून निवांत ऐकणाऱ्यानं तेवढ्याच पैशांत वायरचा, कान झाकणारा हेडफोन घेतला तर आवाजाचा दर्जा सरस मिळतो, कारण पैसे बॅटरीत आणि चिपमध्ये जात नाहीत.

सुट्या इअरबडची बॅटरी रोजच्या वापरात दोन-तीन वर्षांत दमते आणि ती सहसा बदलता येत नाही. म्हणून २,५०० रुपयांची जोडी वर्षाला हजार रुपयांच्या आसपास पडते, असा हिशेब धरावा. शेअर केलेला इअरफोन दुसऱ्याच्या कानातला संसर्गही आणतो, म्हणून टोप्या आठवड्यातून एकदा काढून साबणाच्या पाण्यानं धुवाव्यात, पूर्ण वाळवूनच लावाव्यात.

रस्त्यावर मात्र काढून ठेवा

बाहेरचा आवाज अडवणं हा बसमधला गुण रस्त्यावर जीवघेणा ठरतो. गळीत हंगामात भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगर या भागांतल्या रस्त्यांवर उसाच्या दोन-दोन ट्रेलरचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या असतात. पायी, सायकलवर किंवा दुचाकीवर असताना मागून येणारं वाहन आधी कानाला कळतं. ‘एकाच कानात घालतो’ ही पळवाटही खरी नाही. एका कानानं ऐकताना माणूस आवाज आणखी वाढवतो. बसमधून उतरलं की इअरफोन खिशात.

कारखान्यातल्या गोंगाटात गाणी लावून काम करणं म्हणजे गोंगाटावर गोंगाट चढवणं. तिथं इअरप्लग किंवा इअरमफ वापरायचे असतात.

आजच करून पाहा

शांत खोलीत गाणं सुखद वाटेल एवढा आवाज ठेवा आणि पट्टी कुठं आहे ते लक्षात ठेवा. उद्या बसमध्ये ती किती पुढं सरकवावी लागते ते पाहा. फार सरकत असेल तर आधी टोपी बदला, मग इअरफोन. एरवी पट्टी ६० टक्क्यांच्या पुढं जाऊ देऊ नका. बऱ्याच फोनमध्ये कमाल आवाजावर मर्यादा घालण्याची सोय सेटिंगमध्ये असते. मुलांच्या फोनमध्ये ती आवर्जून लावा.

इअरफोन काढल्यावर कानात कुई वाजत असेल, कान दडे बसल्यासारखे वाटत असतील, गर्दीत समोरच्याचं बोलणं पुन्हा पुन्हा विचारावं लागत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून ऑडिओमेट्री करून घ्यावी. बारामतीच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात दाखवता येईल. ऑडिओमेट्री दुखत नाही आणि तिला फार वेळ लागत नाही. मात्र अचानक एका कानानं ऐकू येणं कमी झालं तर ‘मळ असेल’ म्हणून थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. अशा वेळी उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तरच ऐकू येणं परत मिळण्याची शक्यता चांगली असते.