स्ट्राइकची चौकट आणि बारा कॅमेरे

बेसबॉलमध्ये बॅटरने न खेळता सोडून दिलेला चेंडू ‘स्ट्राइक’ मानायचा की ‘बॉल’, हे ठरवण्याचा अधिकार दीडशेहून अधिक वर्षे होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर जिच्या बाजूला उभा राहतो त्या जमिनीत बसवलेल्या पंचकोनी रबरी पाटीच्या, मागे असणाऱ्या मुख्य पंचाकडे राहिला. त्याच्या या निर्णयाविरुद्ध दाद मागण्याची सोय नियमांत नव्हतीच, उलट त्यावर हुज्जत घालणाऱ्याला मैदानाबाहेर काढण्याची तरतूद मात्र होती. तीन स्ट्राइक झाल्यास बॅटर बाद होतो आणि चार बॉल झाल्यास त्याला पहिला बेस फुकट मिळतो, त्यामुळे एका चेंडूचा निवाडा फिरला की त्या डावाचा रंग पालटू शकतो. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलने २०२६ च्या हंगामापासून या निवाड्याला यांत्रिक तपासणीची जोड दिली आहे. यंत्राने जुना नियम अधिक काटेकोरपणे राबवला, असे या बदलाचे वर्णन सहसा केले जाते. वस्तुस्थिती थोडी वेगळी आहे, कारण जुना नियम जसाच्या तसा यंत्राला देता येण्यासारखा नव्हता आणि त्यामुळे नवा लिहावा लागला.

नियमपुस्तकातली स्ट्राइकची चौकट, म्हणजेच ‘स्ट्राइक झोन’, ही होम प्लेटवरची एक कल्पित जागा असते. तिची रुंदी प्लेटइतकीच, म्हणजे १७ इंच असते. वरची मर्यादा बॅटरचे खांदे आणि विजारीची वरची कड यांच्या मध्यावर, तर खालची गुडघ्याच्या वाटीखालच्या खळग्यापाशी मानली जाते, आणि चेंडूचा कोणताही भाग या जागेच्या कोणत्याही भागातून गेला तर तो स्ट्राइक ठरतो. या मर्यादा बॅटरच्या पवित्र्यावर अवलंबून असल्याने दर खेळाडूगणिक चौकट बदलते. चेंडू टाकणाऱ्या पिचरचा पाय ज्या पट्टीला टेकलेला असतो ती ६० फूट ६ इंचांवर असते आणि ताशी ९५ मैल वेगाने टाकलेला चेंडू सुमारे ०.४ सेकंदात प्लेटपाशी येतो. एवढ्या अवधीत, झुकलेल्या माणसाच्या खांद्याचा आणि विजारीचा मध्य काढून पंचाने निर्णय द्यावा अशी ही अपेक्षा होती. शिवाय ही व्याख्या कधीच स्थिर नव्हती. १९६३ मध्ये चौकट वाढवली गेली, १९६८ पर्यंत पिचर इतके वरचढ ठरले की अमेरिकन लीगमधला सर्वोत्तम फलंदाजही .३०१ च्या सरासरीवर थांबला, आणि १९६९ मध्ये चौकट पुन्हा आकसवून पिचर उभा राहतो तो उंचवटाही १५ इंचांवरून १० इंचांवर आणावा लागला.

पंच प्रत्यक्षात कोणती चौकट वापरतात, हे मोजणी सुरू झाल्यावरच नीट उघड झाले. २००१ मध्ये आलेल्या क्वेसटेक या कॅमेरा यंत्रणेला पंचांच्या संघटनेने विरोध केला. खेळाडूंनाही ती रुचली नाही आणि २००३ मध्ये कर्ट शिलिंग या नामांकित पिचरने तिचा एक कॅमेराच फोडला. पुढे २००६ पासून पिचएफएक्स आणि २०२० पासून हॉक-आय यांच्यामुळे प्रत्येक चेंडूचा मार्ग नोंदला जाऊ लागला, तेव्हा पंचांची चौकट आयताकृती नसून कोपरे गोलावलेली असते असे दिसले. तीन बॉल आणि शून्य स्ट्राइक अशी स्थिती असली की ती फैलावते आणि शून्य बॉल, दोन स्ट्राइक असताना आकसते, म्हणजे पंच नकळत अडचणीत असलेल्या बाजूकडे झुकतो, हेही स्पष्ट झाले. याच आकड्यांतून कॅचरची, म्हणजे प्लेटमागे चेंडू झेलणाऱ्या खेळाडूची, एक जुनी कला मोजता आली. ‘फ्रेमिंग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कलेत कॅचर काठावरचा चेंडू झेलताना हातमोजा अलगद आत वळवतो आणि पंचाला तो स्ट्राइक भासवतो. फलंदाजीत सामान्य असलेल्या होजे मोलिना या कॅचरला संघ का सांभाळत, याचे उत्तर त्यात मिळाले. खरे तर ही सभ्यपणे केलेली फसवणूकच होय, पण बेसबॉलने तिला कौशल्याचा मान दिला.

चेंडूगणिक निर्णय यंत्राने घेण्याचे प्रयोग २०१९ मध्ये अटलांटिक लीग या स्वतंत्र स्पर्धेत सुरू झाले. तेथे पंच कानातल्या यंत्रावर निकाल ऐकून तो जाहीर करत असे. लवकरच असे लक्षात आले की चौकट त्रिमितीय धरल्यास प्लेटच्या पुढच्या कडेवर तिचा खालचा काठ जेमतेम शिवून मातीत आपटणारा वक्र चेंडूही यंत्राच्या लेखी स्ट्राइक ठरतो. नियमाच्या अक्षराला धरून हे योग्यच होते, परंतु मैदानावरच्या कोणालाही तो स्ट्राइक वाटेना. अखेर मेजर लीगने ठोकळा सोडून प्लेटच्या मध्यावर उभा केलेला एक सपाट आयत स्वीकारला. त्याची वरची कड बॅटरच्या उंचीच्या ५३.५ टक्क्यांवर आणि खालची २७ टक्क्यांवर असते. यासाठी बॅटरची उंची बुटांशिवाय मोजली जाते आणि पवित्र्याचा विचारच होत नाही. त्यामुळे ६ फूट उंचीच्या बॅटरची चौकट जमिनीपासून सुमारे १९.४ इंचांवर सुरू होऊन ३८.५ इंचांवर संपते, मग तो वाकून उभा राहो की ताठ.

त्यातही प्रत्येक चेंडू यंत्राकडे सोपवलेला नाही. निर्णय पंचच देतो. प्रत्येक संघाला दोन आव्हाने मिळतात आणि आव्हान यशस्वी झाले तर ते शिल्लक राहते. बॅटर, पिचर किंवा कॅचर यांपैकीच कोणीतरी डोक्यावरच्या टोपीला अथवा हेल्मेटला हात लावून, बाहेरच्या कोणाचीही मदत न घेता, तत्काळ दाद मागायची असते. मग मैदानाभोवतीच्या हॉक-आयच्या बारा कॅमेऱ्यांनी टिपलेला मार्ग पडद्यावर दाखवला जातो आणि साधारण पंधरा सेकंदांत प्रकरण मिटते. ही पद्धत लागू होण्याआधी, जुलै २०२५ मध्ये अटलांटातील ऑल-स्टार सामन्यात ती आजमावताना पाच आव्हाने घेतली गेली आणि त्यांतील चार यशस्वी झाली.

मराठी वाचकाला हॉक-आय क्रिकेटमुळे परिचयाची आहे. २०११ च्या विश्वचषकातील मोहालीच्या उपांत्य सामन्यात सईद अजमलच्या चेंडूवर पायचीत दिला गेलेला सचिन तेंडुलकर तिच्याच आधारे वाचला होता. दोन्ही खेळांतला तिचा उपयोग मात्र मुळात भिन्न आहे. पायचीतमध्ये चेंडू पॅडवर अडल्यानंतर तो कोठे गेला असता याचा अंदाज बांधावा लागतो, म्हणून काठावरच्या चेंडूसाठी ‘अंपायर्स कॉल’ ठेवला गेला. बेसबॉलमध्ये चेंडू प्लेटवरून खरोखर पुढे गेलेला असतो, त्यामुळे प्रश्न घडलेल्या गोष्टीच्या मोजणीचा उरतो. सूक्ष्म चूक या मोजणीतही संभवते. तरीही तिच्यासाठी बेसबॉलने जागा राखलेली नाही आणि केसभर स्पर्श झाला तरी पंचाचा निर्णय फिरतो.

आव्हाने मोजकी असल्याने फ्रेमिंगची कला टिकून राहते, पण कॅचरला आता आणखी एक काम आले आहे: आपण पंचाला चकवले की पंचाने आपल्याला, हे क्षणात ओळखून दोनपैकी एक आव्हान खर्चायचे की राखायचे हे ठरवणे. दक्षिण कोरियाच्या केबीओ लीगने ही गुंतागुंत टाळून २०२४ पासून प्रत्येक चेंडूचा निवाडा यंत्राकडेच दिला. तेथे चेंडूची उंची प्लेटचा मध्य आणि मागचे टोक अशा दोन्ही ठिकाणी तपासली जाते आणि चौकट दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटिमीटरनी रुंद आहे. म्हणजे अमेरिकेत बॉल ठरणारा एखादा चेंडू सोलमध्ये स्ट्राइक असू शकतो, आणि यंत्र दोन्हीकडे बरोबरच असते. पहिल्याच हंगामात उंच चेंडूंवर स्ट्राइक मिळत असल्याची तक्रार झाली, तेव्हा वाद घालायला पंच उरला नव्हता. खेळाडूंची मते घेऊन लीगने २०२५ साठी चौकट बॅटरच्या उंचीच्या ०.६ टक्क्यांनी खाली सरकवली. १८० सेंटिमीटर उंचीच्या खेळाडूसाठी हा बदल जेमतेम एक सेंटिमीटरचा आहे.