मुक्त सॉफ्टवेअरचे मराठीकरण

मुक्त सॉफ्टवेअरचे मराठीकरण म्हणजे ज्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता कोणालाही पाहता, बदलता व इतरांना देता येते, त्यातील सूचना, आदेश व टंक मराठीसाठी सिद्ध करणे. यातील बरेचसे काम सॉफ्टवेअर विकसक नोकरी सांभाळून, छंद म्हणून आणि विनामोबदला करतात.

दिवसभर कार्यालयात संहिता लिहून घरी परतलेल्या विकसकाची संध्याकाळ एका अक्षरातही जाऊ शकते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र. ‘दऱ्या’ मात्र जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांतल्या. या दुसऱ्या शब्दासाठी युनिकोडमधील स्वतंत्र ‘ऱ’ वापरावा लागतो आणि टंकातही त्याच्या जोडाक्षराची सोय असावी लागते. ‘ॲ’ला तर युनिकोडमध्ये स्वतःचे स्थान २००८ साली, ५.१ या आवृत्तीत मिळाले. रेड हॅटने प्रसृत केलेल्या ‘लोहित’ या मुक्त टंकसमूहात मराठीचाही समावेश आहे.

व्याकरणाची अडचण अधिक चिवट आहे. ‘फाइल उघडली’, पण ‘फोल्डर उघडला’. इंग्रजी क्रियापद नामाच्या लिंगानुसार बदलत नसल्याने मूळ विकसक एकच वाक्य लिहून नामाची जागा मोकळी ठेवतो. मराठीत ते वाक्य हमखास चुकते. अशा वेळी शब्दकोश कामाला येत नाही. अनुवादकाला मूळ विकसकांना अडचण पटवून देऊन प्रत्येक नामासाठी वेगळे वाक्य मागावे लागते, किंवा संहितेत स्वतः दुरुस्ती करून ती त्यांच्याकडे पाठवावी लागते. दुरुस्ती स्वीकारली गेली, की पुढील आवृत्तीपासून ती सर्व मराठी वापरकर्त्यांना मिळते.